बिनपगारी मासेमारी

रूनस्केप या ऑनलाइन खेळात माणूस शिरतो तो ड्रॅगन मारायला, आणि थोड्याच वेळात किनाऱ्यावर उभा राहून कोळंबी पकडू लागतो. हातात जाळं, समोर पाण्यात खळबळ, शेजारी तसेच आणखी चार-सहा वीर. कुणी नखशिखान्त चिलखतात, कुणी जादूगाराच्या निळ्या टोपीत, आणि सगळे मुकाट जाळी टाकताहेत. मध्येच एखादा विचारतो, ‘फिशिंग लेव्हल किती?’ कुणीतरी आकडा सांगतं. पुन्हा सगळे आपापल्या कामाला.

बाहेरून बघणाऱ्याला यात खेळ कुठे आहे तेच कळत नाही. मलाही ते कुणाला धड पटवता आलेलं नाही.

हिशेब असा आहे. एक कोळंबी मिळाली की 10 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. शेवटची लेव्हल 99, आणि तिथे पोहोचायला लागतात 1,30,34,431. नुसत्या कोळंबीवर भिस्त ठेवली तर तेरा लाखांहून जास्त कोळंब्या धरायला हव्यात. तसं अर्थातच कुणी करत नाही. लेव्हल 40 ला लॉब्स्टर धरता येतात, त्याचे 90 मिळतात. 76 ला शार्क, त्याचे 110. पण ही मंडळी सहजासहजी हाती लागत नाहीत, आणि प्रत्येक लेव्हल आधीच्या लेव्हलपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी महाग होत जाते. म्हणजे दर सात लेव्हलींना कष्ट जवळपास दुप्पट. त्यावरून खेळाडूंमध्ये एक जुना विनोद आहे: 99 चे अर्धे 92. विनोद कसला, गणितच आहे ते. ब्याण्णवला पोचलेला गडी म्हणतो, आता काय, सातच राहिल्या! आणि तेव्हा तो जेमतेम निम्म्या वाटेवर असतो.

हा खेळ 2001 च्या जानेवारीत सुरू झाला. अँड्र्यू गोवर या इंग्लंडमधल्या तरुणाने भाऊ पॉलच्या मदतीने तो उभा केला. पुढे त्यांची जॅगेक्स ही कंपनी केंब्रिजमध्ये वाढली. ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करायला नको, त्यामुळे एका पिढीने तो शाळेच्या आणि वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर चोरून खेळला. चित्रं तेव्हाही ओबडधोबडच होती. माणसांचे हात लाकडी ठोकळ्यांसारखे. पहिल्या क्वेस्टमध्ये, म्हणजे कामगिरीत, जग वाचवायचं नसतं, लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला मदत करायची असते. ड्यूकचा वाढदिवस आलाय, केक करायचाय, आणि याच्याकडे ना अंडं, ना दूध, ना पीठ. मग वीराने गाईचं दूध काढायचं, शेतातून गहू तोडायचा, गिरणीच्या माडीवर चढून तो दळायला टाकायचा आणि खाली उतरून पीठ भरून घ्यायचं. मला हे तेव्हाही आवडलं होतं आणि आजही आवडतं. पराक्रमाच्या गोष्टी सांगणाऱ्या खेळाने नवख्याला आधी पीठ दळायला लावावं, यात थट्टा आहे आणि पुढे काय वाढून ठेवलंय याची सरळ सूचनाही आहे.

मग 2012 चा नोव्हेंबर आला. कंपनीने लढाईची सगळी पद्धतच बदलली. दिसायला झकपक, बटणंच बटणं, त्या काळच्या इतर मोठ्या खेळांच्या वळणावर. पुष्कळ जुने खेळाडू निघून गेले. कंपनीकडे ऑगस्ट 2007 मधल्या खेळाची एक प्रत जपून ठेवलेली निघाली. ती पुन्हा सुरू करायची का, यावर 2013 मध्ये मतदान घेतलं तेव्हा साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झालं, आणि हे जुनं रूप पुढे खेळाडूंच्या संख्येत सुधारलेल्या नव्या खेळालाही मागे टाकून गेलं.

यावर लगेच म्हटलं जातं, हा सगळा बालपणीच्या आठवणींचा उमाळा. मला ते अर्धवट वाटतं. उमाळा फार तर महिनाभर पुरतो. जुनी गल्ली बघून आलं की माणूस पुन्हा रोज तिथे जात नाही. शिवाय 2007 नंतर जन्मलेली मुलंही आज हा खेळ खेळतात, त्यांना कसल्या आठवणी?

मला वाटतं, माणसं तिथे टिकतात ती चोख हिशेबामुळे. आपण राबलो ते कुठेतरी नोंदलं जातंय, आणि ती नोंद उद्या कुणी खोडणार नाही, ही खात्री बाहेर क्वचितच मिळते. तिथे पी हळद आणि हो गोरी असा प्रकार नाही, पण केलेलं वायाही जात नाही. पाच वर्षांनी लॉगिन करा, फिशिंग जिथे सोडलं होतं तिथेच असतं. म्हणून तर खेळाडू म्हणतात की रूनस्केप कुणी सोडत नाही, लोक फक्त सुट्टी घेतात. माझ्याही अशा बऱ्याच सुट्ट्या झाल्या आहेत.

या हिशेबाला खेळाडू किती जपतात ते मतदानात दिसतं. ओल्ड स्कूलमध्ये एखादी मोठी नवी गोष्ट आणायची तर आधी खेळाडूंचा कौल घ्यायचा, असा रिवाज पडला. सुरुवातीला 75 टक्के मतं लागत, 2022 पासून 70. यात गंमत अशी की नौकानयन, म्हणजे सेलिंग, हे मासेमारीसारखंच एक स्किल वर्षानुवर्षं थट्टेचा विषय होतं. कुणाला काही अशक्य सांगायचं असलं की म्हणायचं, हो हो, सेलिंग येईल तेव्हा! 2015 मध्ये ते गंभीरपणे मांडलं, लोकांनी पाडलं. 2023 मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा होकार आला, आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये जहाजं खरोखर पाण्यात उतरली. दहा वर्षं वाद घालून घरात एक खोली वाढवावी तसं. दुसऱ्या कुठल्या खेळात गिऱ्हाईक नव्या मालाला इतक्या वेळा नको म्हणतं? पण नवीन वस्तू सोपी निघाली तर आपली जुनी मेहनत स्वस्त होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

त्याहून पुढची मंडळी म्हणजे आयर्नमॅन. बाजारातून काही विकत घ्यायचं नाही, कुणाकडून काही स्वीकारायचं नाही, सुई-दोऱ्यापासून सगळं स्वतः मिळवायचं. आधी काही हौशी लोक मनानेच हे व्रत पाळत होते. 2014 मध्ये कंपनीने त्याला अधिकृत रूप दिलं. हजारो लोकांच्या जगात राहून एकट्याने संसार करायचा! हे ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर तसं एक अकाउंट काढलं.

कष्टाचं हे वेड एका ठिकाणी मात्र हसण्यासारखं राहत नाही. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथले कित्येकजण या खेळात हिरवे ड्रॅगन मारत बसायचे. त्यांची हाडं आणि कातडी विकून खेळातलं सोनं जमवायचं आणि ते खऱ्या पैशात विकून घर चालवायचं. नियमाने त्याला बंदी आहे, आणि त्यातून खेळातल्या बाजाराची वाट लागते हेही खरं. तरी देशाच्या नोटेपेक्षा ज्यांना या खेळातली नाणी भरवशाची वाटली, त्यांना नियम सांगायला माझी जीभ उचलत नाही.

2018 मध्ये खेळ मोबाइलवर आला. तेच अकाउंट, तेच जग. आता रांगेत, प्रवासात, मीटिंगमध्ये टेबलाखाली लोक झाडं तोडत असतात. मी कुणाचं नाव घेत नाही.

99 झालं की त्या स्किलचा झगा मिळतो, फुकट नव्हे, 99,000 नाणी मोजून. तो पाठीवर टाकून लोक भरचौकात उभे राहतात, अनोळखी माणसं अभिनंदन करतात. इथे सगळं संपायला हवं. पण लेव्हल थांबली तरी एक्सपी मोजायचा थांबत नाही. तो 20 कोटींपर्यंत चढत राहतो. त्याने नवं काहीही मिळत नाही, आणि तरी तिथवर जाणारे आहेत, हायस्कोअरच्या यादीत त्यांची नावं झळकतात. वीस कोटींवर आकडा कायमचा अडतो. मग ते बहुधा दुसरं एखादं स्किल काढतात.