ॲव्होकाडो अजून कच्चाच

सोमवार, रात्र

दोन ॲव्होकाडो आणले. दोन्ही दगड. टेबलावर ठेवताना टक् असा आवाज आला, तेव्हाच खरं तर उद्याच्या टोस्टचा बेत बारगळला होता. तरी ब्रेड बाहेर काढून ठेवलाय.

मागच्या खेपेला असाच कच्चा कापला होता. सुरी बीपर्यंत गेली आणि अडकली. साल सुटेना, गर चमच्याने खरवडला तर साबणाच्या वडीसारखे कपचे निघाले. चव तुरट, जरा कडवट. मीठ-लिंबाच्या भरवशावर अर्धा रेटला, उरलेला टाकून दिला. त्या दिवशी स्वतःला बजावलं होतं, की पुन्हा घाई करायची नाही.

मंगळवार

कच्चा. उठल्याउठल्या दाबून पाहिला.

या फळाची गंमत म्हणजे ते झाडावर पिकतच नाही. तिथे ते पूर्ण वाढतं, तेल धरतं आणि नुसतं लटकून राहतं, कधीकधी महिनोन्‌महिने. तोडलं की मग पिकायला लागतं. म्हणजे बागवाल्याला झाड हेच कोठार. लागेल तेव्हा तोडायचं. वाट बघायचं काम शेवटी ज्याच्या स्वयंपाकघरात फळ जातं त्याच्या गळ्यात.

कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर दोन्ही घालून ठेवले. केळ्यातून इथिलीन वायू निघतो, पिशवीत तो कोंडला की शेजारचं फळ लवकर पिकतं. सफरचंदानेही होतं. प्लास्टिकची पिशवी मात्र नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. फ्रिजमध्ये तर मुळीच नको. कच्चा ॲव्होकाडो फार गार झाला की पिकायचं विसरतो आणि आतून करडा पडतो. हे ज्ञान मी एकदा एक फळ वाया घालवून मिळवलेलं आहे.

बुधवार

कच्चा. केळं मात्र झकास पिकलं. तेच खाल्लं.

गुरुवार

रात्री ताईचा फोन. सगळी हकिकत ऐकून म्हणाली, “रोज दाबतेस का गं त्याला?”

“बघते फक्त.”

“अंगठ्याने?”

मी गप्प. अंगठ्याने दाबू नये हे मला माहीत आहे. अख्खं फळ तळहातावर घ्यायचं आणि मूठ हलकेच आवळायची. किंचित दबलं तर तयार. अंगठा रुतला की तिथला गर आतल्या आत चेपतो आणि दोन दिवसांनी तिथे काळा डाग पडतो. वरून काही दिसत नाही. माहीत असणं आणि सकाळी साडेसहाला भूक लागलेली असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

रंग मात्र आज बदललाय. हिरवा जाऊन जांभळट-काळा. माझी दोन्ही फळं ‘हास’ जातीची, खडबडीत सालीची, म्हणून रंगाचा उपयोग होतो. गुळगुळीत सालीच्या बऱ्याच जाती पिकल्या तरी हिरव्याच राहतात, तिथे हाताशिवाय गत्यंतर नाही. या हासची गोष्ट मला फार आवडते. रुडॉल्फ हास नावाच्या कॅलिफोर्नियातल्या पोस्टमनने लावलेल्या एका रोपावर दुसऱ्या जातीचं कलम काही केल्या धरेना. ते उपटून टाकायचं चाललं होतं, पण त्याची फळं घरातल्या मुलांना आवडली आणि झाड वाचलं, असं सांगतात. १९३५ साली त्याने त्या झाडाचं पेटंट घेतलं. मूळ झाड २००२ साली मुळं कुजून गेलं. जगात हासची जेवढी झाडं आहेत ती सगळी त्या एकाच झाडाच्या कलमांची.

शुक्रवार

आज!

मूठ आवळली आणि फळाने हो म्हटलं. देठाचं बोंड नखाने उडवलं, खाली हिरवं दिसलं. तपकिरी दिसलं असतं तर उशीर झाला असता.

आधी ब्रेड. इथे मी चोखंदळ आहे. ब्रेड नुसता गरम झालेला चालत नाही, दोन्ही बाजूंनी चांगला तांबूस आणि कडक व्हायला हवा. वर येणारा गर लोण्यासारखा मऊ, त्याच्याखाली ब्रेडही मऊ असला तर दातांना काही कामच उरत नाही. ब्रेड जरा जाड कापलेला बरा. टोस्ट झाला की ताटलीत आडवा टाकायचा नाही. खालच्या बाजूला वाफ धरते आणि मिनिटाभरात तो लिबलिबीत होतो. मी दोन टोस्ट एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करते. गरम असतानाच लसणाची सोललेली पाकळी त्यावर दोनदा घासली. खरखरीत टोस्ट किसणीसारखा काम करतो आणि लसूण दिसत नाही, नुसता वास राहतो. दोनदाच. चौथ्यांदा घासला की दिवसभर फक्त लसूण.

मग फळ. उभी सुरी बीभोवती फिरवली, दोन्ही हातांनी पिळून अर्धुकं वेगळी केली. अर्धुक हातात धरून बीवर सुरीचा घाव घालायची पद्धत मला बघवत नाही. त्यात किती जणांचे तळहात फाटतात! चमचा बीखाली घातला, बी टुणकन बाहेर. गराला वास असा नाहीच. कुळ दालचिनीचं, पण वास फार तर ओल्या गवताचा.

एका अर्धुकाचा गर वाडग्यात काढला, आधी मीठ आणि लिंबू, मग काट्याने आठ-दहा वेळा दाबलं. बस. मिक्सर काढायचा नाही, पेस्ट झाली की मजा गेली. मधेमधे शेंगदाण्याएवढे गोळे राहायला हवेत. मीठ वाटतं त्यापेक्षा जरा जास्त लागतं, कारण एवढा स्निग्ध पदार्थ मीठ गिळून टाकतो. शंभर ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम चरबी असते. त्यातली बरीचशी ऑलिव्ह तेलात असते तीच, म्हणून टोस्टला लोणी लावलं नाही. एवढ्याच गरात ७ ग्रॅमच्या आसपास तंतूही असतात, त्यामुळे दोन टोस्टवर दुपारपर्यंत निभावतं. याला ‘हलका नाश्ता’ म्हणणाऱ्यांनी तो खाऊन बघितलेला नसावा.

वर मिरी, भरड कुटलेली. अंडं, चीज, बिया, अंकुर काही नाही. पाच दिवस ज्याची वाट पाहिली त्याच्यावर टोपी कशाला घालायची?

उभ्याउभ्याच खाल्ला. पहिला टोस्ट संपेपर्यंत काहीच विचार केला नाही.

उरलेलं अर्धुक लिंबू चोळून, बी आत ठेवून, वर प्लास्टिक घट्ट चिकटवून फ्रिजमध्ये ठेवलं. बीमुळे काळं पडत नाही असं सगळे म्हणतात, पण बी जेवढी जागा झाकते तेवढीच वाचते. गर काळा पडतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. गरातलं एक एन्झाइम त्या हवेच्या मदतीने तपकिरी रंग तयार करतं. लिंबाच्या आंबटपणाने ते मंदावतं, थांबत नाही. दुसरं अख्खं फळही फ्रिजमध्ये ठेवलं. पिकल्यावर दोन-तीन दिवस तिथे चालतं. ताई रविवारी येतेय.

शनिवार

अर्धुकावर तपकिरी साय आली होती, मधे बी होती तेवढा गोल हिरवागार. साय चमच्याने खरवडली, खाली सगळं ठीक. टोस्ट आज जरा जास्त भाजला गेला, कडा काळ्या. त्या खरवडून टाकल्या. आज सगळं खरवडूनच चाललंय.

रविवार

ताई आली. मी ब्रेड भाजत होते, फळ तिने कापलं. एक अर्धुक हिरवं, पिवळसर, नितळ. दुसऱ्यात वरच्या बाजूला नाण्याएवढा काळपट डाग, गिलगिलीत.

ती काही बोलली नाही. सुरीच्या टोकाने तेवढा भाग नीट गोल कापला आणि माझ्या ताटलीच्या कडेला ठेवला.

“हा तुझा अंगठा.”