उभा तडा

चेंबर उघडला आणि माझा सहकारी टॉर्च हातात धरून तसाच थांबला. "मॅडम, मधल्या ठोकळ्याला तडा गेलाय."

३०० सायकल नुकत्याच संपल्या होत्या. दहा सेकंद इलेक्ट्रॉन बीम चालू, दहा सेकंद बंद, चौरस मीटरला २० मेगावॅटचा मारा. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या इटर या फ्यूजन, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या यंत्राच्या तळाशी डायव्हर्टर असतो. प्लाझ्मा, म्हणजे यंत्रातला अतितप्त विद्युतभारित वायू; त्यातली हेलियमची राख आणि उष्णता तिथे उतरते. त्याच्या टंगस्टनला असा मारा थोडा वेळ सोसता आला पाहिजे.

आमचं सॅम्पल म्हणजे २८ मिलिमीटर रुंदीचे टंगस्टनचे ठोकळे, तांब्याच्या मिश्रधातूच्या नळीवर मण्यांसारखे ओवलेले. मध्ये मऊ तांब्याचा थर, नळीतून दाबाचं पाणी. टंगस्टन ३४०० अंशांपर्यंत वितळत नाही, पण थंड असताना ठिसूळ असतं आणि फार तापलं की त्याचे कण मोठे होऊन ताकद जाते. हे सगळं ठाऊक असूनही तो तडा पाहून पोटात गोळा आला.

मी आधी इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. पहिल्या आणि शेवटच्या सायकलमध्ये त्या ठोकळ्याचं तापमान जवळपास सारखंच. माझा विश्वासच बसेना. पुन्हा लावून पाहिलं.

ठोकळा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा उलगडा झाला. तडा पृष्ठभागावरून सरळ खाली गेला होता आणि मऊ तांब्यापाशी थांबला होता. उष्णताही वरून खाली, नळीकडेच जाते. तडा तिच्या वाटेला समांतर, म्हणून दोन्ही अंगांनी ती बिनबोभाट उतरत राहिली. हाच तडा आडवा असता, किंवा तांब्याशी असलेला जोड सुटला असता, तर वरचा भाग वितळला असता. आम्हाला खरी धास्ती जोडाचीच असते.

तरी मी नुसतं "उत्तीर्ण" लिहून अहवाल मिटवला नाही. आमचा बीम वरून सरळ पडतो, प्लाझ्मा अगदी तिरका घासत येतो. तड्याची एक कड जरा वर उचललेली असेल तर प्लाझ्मा नेमकी तीच कड भाजणार, आणि वितळलेलं टंगस्टन प्लाझ्मात गेलं तर लाखात मोजके अणूही त्याला थंड करायला पुरतात. २०२३ मध्ये इटरने आतल्या भिंतीसाठीही बेरिलियमऐवजी टंगस्टन घ्यायचं ठरवलं, तेव्हापासून हा विचार मनातून जात नाही.

संध्याकाळी आम्ही दोघांनी राहिलेल्या ठोकळ्यांवरच्या तड्यांच्या दोन्ही कडांची उंची मोजायला घेतली.