जुन्या बाजारातल्या गेमच्या कॅसेटी: माझ्या संग्रहाचा अनुभव

व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी जमवायचे मनाशी पक्के केले, तेव्हा पैसा किंवा जागा यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागला, तो म्हणजे नेमके काय जमवायचे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे फॅमिकॉम हे आठ-बिट गेम-यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीला आले आणि १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या रूपात एनईएस या नावाने अमेरिकेत गेले. परदेशातले बहुतेक संग्राहक या दोन यंत्रांच्या अधिकृत कॅसेटींची यादी समोर ठेवतात आणि एकेका नावापुढे खूण करत जातात. आपल्याकडचा इतिहास मात्र असा सरळ नाही. निन्टेन्डोचे यंत्र भारतात 'सामुराई' या नावाने विकले गेले खरे, पण नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत जे पोहोचले, ते प्रामुख्याने 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नावांनी विकले जाणारे फॅमिकॉमचे अनुकरण होते. त्यांच्या कॅसेटीही तैवान आणि चीनकडून आलेल्या, परवान्याशिवाय बनवलेल्या होत्या. म्हणून मी ठरवले की संग्रहाचा पहिला कप्पा या आपल्याकडे विकल्या गेलेल्या कॅसेटींचा असेल आणि त्याच गेमच्या अस्सल जपानी कॅसेटी दुसऱ्या कप्प्यात येतील. अस्सल कॅसेटींची नोंद जगात अनेकांनी काटेकोरपणे करून ठेवली आहे. आपल्या मुलांनी ज्या कॅसेटींवर सुट्ट्या घालवल्या, त्या मात्र कोणतीही नोंद न होता भंगारात जात आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

शोधाची सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारापासून केली. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या या बाजारात सकाळी लवकर जाणे फायद्याचे असते, कारण इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे ढीग उपसणारे दुरुस्तीवालेही त्याच वेळी येतात. कॅसेटी स्वतंत्र मांडलेल्या क्वचितच दिसतात. मोबाइलचे चार्जर, टीव्हीचे रिमोट, तुटके स्पीकर आणि वायरींची भेंडोळी यांच्या तळाशी एखादी पिवळी किंवा काळी कॅसेट पडलेली असते. नुसते वर्णन करून विचारले तर विक्रेते मान हलवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात, हे लक्षात आल्यावर मी पिशवीत नमुन्याची एक कॅसेट ठेवू लागलो. ती हातात दिली की त्यांना आठवते आणि बरेच जण आपणहून सांगतात की घरी आणखी आहेत, पुढच्या बुधवारी घेऊन येतो. त्यांतले काही खरोखर घेऊन येतात. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोडवरची जुनी दुरुस्तीची दुकाने याच पद्धतीने पाहिली. सर्वांत चांगल्या स्थितीतला माल मात्र बाजारात नव्हे, तर घरांच्या माळ्यांवर आणि बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररींच्या खोक्यांत मिळाला, कारण तिथे त्या कॅसेटींना ऊन आणि पाऊस लागलेला नव्हता.

बाजारात यंत्राला लावून पाहण्याची सोय नसते. "साहेब, चालू का बंद ते मला नाही माहीत, घ्यायची तर अशीच घ्या," हे विक्रेत्याचे म्हणणे रास्तच असते, त्यामुळे नजरेने पारख करायला शिकावे लागते. मी आधी तोंडाकडची पट्टी पाहतो. फॅमिकॉमच्या आणि त्याच्या अनुकरणांच्या कॅसेटीला ६० पिना असतात, तर एनईएसच्या कॅसेटीला ७२. एनईएसमध्ये ध्वनीसाठी असलेल्या दोन पिना काढून टाकल्या, अनधिकृत कॅसेटी अडवणाऱ्या कुलूप-चिपसाठी चार घातल्या आणि भविष्यातल्या जोडणीसाठी दहा राखून ठेवल्या, असा हा हिशेब आहे. फॅमिकॉममध्ये कुलूप-चिप नव्हतीच. त्यामुळे कोणताही कारखाना त्यासाठी कॅसेट बनवू शकत होता आणि आपल्या बाजारात जो महापूर आला त्याचे मूळ बऱ्याच अंशी या एका गोष्टीत आहे. पट्टीवरचा काळसर मळ मला चालतो, कारण तो निघतो. हिरवा गंज खोलवर गेला असेल किंवा तांब्याची पट्टी आतल्या सर्किट-बोर्डावरून उचलली गेली असेल, तर ती कॅसेट मी परत ठेवतो. मात्र तिचे लेबल दुर्मीळ असेल, तर केवळ त्या लेबलासाठीही मी ती घेतो.

लेबलावरच्या आकड्यांवर विसंबून किंमत ठरवू नये, हे नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगतो. '६४ इन १' किंवा '९९९९ इन १' असे लिहिलेल्या कॅसेटीत खऱ्या अर्थाने वेगळे गेम मोजकेच असतात आणि यादीत तेच गेम नाव बदलून किंवा पुढच्या लेव्हलपासून सुरू करून पुन्हा पुन्हा येतात. इतके गेम एकत्र बसवणे शक्य झाले ते जुने गेम अतिशय लहान असल्यामुळे. नामको या जपानी कंपनीचा १९८५ चा 'बॅटल सिटी' अवघ्या २४ किलोबाइटचा आहे आणि त्याच वर्षीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटचा. आपल्याकडे रणगाड्यांचा गेम म्हणून घरोघरी खेळला गेलेला 'टँक १९९०' हा 'बॅटल सिटी'मध्येच कोणीतरी केलेला फेरफार आहे, आणि माझ्या दृष्टीने तो मूळ गेमइतकाच जपण्याजोगा आहे.

घरी आल्यावर मी प्रत्येक कॅसेट उघडतो. काहींना एक स्क्रू असतो, तर काही केवळ खाचांवर बसवलेल्या असतात. त्या पातळ प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सैल कराव्या लागतात, कारण स्क्रूड्रायव्हर घातला की कडा तुटते. अस्सल जपानी कॅसेटीत बोर्डावर नीट छापील क्रमांक असलेल्या चौकोनी चिप दिसतात, तर आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटींत बोर्ड कवचाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच असतो आणि चिपच्या जागी इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट झालेल्या राळेचा, काळा, गुळगुळीत थेंब असतो. त्या थेंबाखाली सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट बोर्डावर चिकटवलेला असतो, म्हणून तो खरवडून आत काय आहे ते पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शेजारी ७४एलएस१६१ सारखी साधी चिप दिसली, तर मेमरीचे कप्पे आलटूनपालटून यंत्रासमोर आणण्याचे काम तिच्याकडे आहे, असा अंदाज बांधता येतो.

माझ्या संग्रहातली एक कॅसेट येथे जरा जवळून दाखवावीशी वाटते. ती 'कॉन्ट्रा'ची, पिवळ्या कवचाची, एका बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतून आलेली आहे. पुढच्या लेबलाचा उजवा कोपरा अंगठ्याच्या सततच्या स्पर्शाने पांढरा पडला आहे. पाठीमागे जाड काळ्या मार्करने क्रमांक घातलेला आहे आणि त्याखाली वहीच्या कागदाची चिठ्ठी सेलोटेपने लावून तिच्यावर निळ्या शाईने 'फुंकर मारू नये' असे लिहिले आहे. टेप पिवळी पडली आहे, पण अक्षर स्वच्छ वाचता येते. काही परिचितांनी मार्करचे डाग स्पिरिटने पुसण्याचा सल्ला दिला, तो मी मानला नाही. ही कॅसेट किती हातांतून गेली, याचा पुरावा त्या क्रमांकातच आहे. यंत्राला लावल्यावर असेही दिसले की ही फेब्रुवारी १९८८ मध्ये निघालेल्या जपानी आवृत्तीची नक्कल आहे, कारण लेव्हल सुरू होण्यापूर्वी नकाशा येतो, पहिल्या लेव्हलमधल्या झाडांची पाने हलतात आणि बर्फाच्या लेव्हलमध्ये हिमवर्षाव होतो. अमेरिकेतल्या एनईएस आवृत्तीत यांतले काहीच नाही. 'कॉन्ट्रा' बनवणाऱ्या कोनामी कंपनीने जपानी कॅसेटीत व्हीआरसी२ नावाची स्वतःची चिप वापरली होती आणि या हालचाली तिच्यामुळे शक्य झाल्या होत्या. अमेरिकेतल्या मुलांना न दिसलेली ती पाने आपल्याकडे कोणत्या तरी दिवाणखान्यात रोज हलत होती, हे कळल्यावर मला विलक्षण आनंद झाला.

त्या चिठ्ठीतली सूचना शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. गेम सुरू झाला नाही की आपण सगळेच कॅसेटीत फुंकर मारत असू आणि ती पुन्हा बसवल्यावर गेम सुरूही होत असे. तो बहुधा पुन्हा बसवताना पिनांचा संपर्क नीट जुळल्यामुळे होत असे, आणि तोंडातली वाफ मात्र तांब्यावर राहून गंजाला कारण होत असे. सफाईसाठी मी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. कापसाची काडी त्यात बुडवून पट्टीच्या लांबीच्या दिशेने फिरवतो, काडी स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलतो आणि पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट यंत्राला लावत नाही. मळ हट्टी असेल तर पांढरे खोडरबर हलक्या हाताने चालते. पॉलिश पेपर मात्र कधीही वापरू नये, कारण त्याने पट्टीवरचा मुलामाच निघून जातो.

तपासणीसाठी मी दोन यंत्रे ठेवली आहेत. आपल्याकडची अनुकरण यंत्रे पाल या टीव्ही पद्धतीची, सेकंदाला ५० चित्रे दाखवणारी आहेत, तर जपानी फॅमिकॉम ६० चित्रे दाखवतो. एकच कॅसेट दोन्हींवर लावली की आपल्या यंत्रावर खेळ आणि संगीत यांची लय सुमारे १७ टक्क्यांनी संथ जाणवते, स्वरांची उंची मात्र जवळपास तीच राहते. 'रोड फायटर'मध्ये हा फरक चटकन ध्यानात येतो. ज्यांना लहानपणीचे संगीत जपानी यंत्रावर घाईचे वाटते, त्यांची स्मृती अचूक आहे. 'डक हंट' या बंदुकीने बदके टिपण्याच्या गेमसाठी जुना काचेच्या नळीचा टीव्ही सांभाळावाच लागतो, कारण बंदूक पडद्यावर त्या क्षणी उमटणारा प्रकाश ओळखते आणि एलईडी टीव्हीवर ते जुळत नाही.

अस्सल कॅसेटींसाठी टोकियोत निशी-कसाई भागात राहणाऱ्या माझ्या मराठी मित्राची मोलाची मदत झाली. तिथल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारभागातली दुकाने प्रसिद्ध आहेत, पण तिथे किंमत चढी असते. हार्ड-ऑफ या जुन्या वस्तूंच्या दुकानांतल्या 'जंक' खोक्यांत सुट्या, बिनडब्याच्या कॅसेटी स्वस्तात मिळतात, आणि मला डबा नसला तरी चालत असल्यामुळे आम्ही त्याच धुंडाळल्या. यंत्र आणताना एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जपानी ॲडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो थेट लावता येत नाही. फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, म्हणून स्थानिक ॲडॅप्टर घेताना ध्रुवता तपासूनच घ्यावा. खेळ जतन करणाऱ्या कॅसेटींत बोर्डाला सोल्डर केलेली नाण्याएवढी बॅटरी असते. १९९३ चा 'कर्बी'चा फॅमिकॉम गेम हे त्याचे एक उदाहरण. बॅटरी बदलताना आधीच्या मालकाने जतन केलेली प्रगती पुसली जाते, म्हणून ती काढण्यापूर्वी मी पडद्याचे छायाचित्र घेऊन नोंदवहीत लावतो.

ऑनलाइन खरेदीचा अनुभव संमिश्र आहे. एका विक्रेत्याने जाहिरातीत एका कॅसेटीचे छायाचित्र दिले आणि पाठवली दुसरीच, जिचे लेबल रंगीत प्रिंटरवर नव्याने छापलेले होते. नवे लेबल फार गुळगुळीत आणि कडेला तंतोतंत कापलेले दिसते. जुन्या लेबलाच्या कागदात छपाईचे ठिपके भिंगाखाली स्पष्ट दिसतात आणि कडांना उन्हाने आलेला फिकेपणा एकसारखा नसतो. तेव्हापासून मी पैसे देण्यापूर्वी कॅसेटीच्या दोन्ही बाजू, पट्टी आणि शक्य असल्यास उघडलेला बोर्ड यांचे छायाचित्र मागतो. खरा विक्रेता ते आनंदाने देतो.

जमलेल्या प्रत्येक कॅसेटीचे एक पान माझ्या नोंदवहीत आहे. कुठे मिळाली, कोणी दिली, कवचाचा रंग, बोर्डावरचे क्रमांक, यादीत दिसणाऱ्या गेमची नावे आणि मूळ मालकाने सांगितलेली काही आठवण असेल तर तीही त्यात लिहून ठेवतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत बोर्ड लवकर खराब होतात, त्यामुळे कॅसेटी झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी पुड्या बदलतो. सध्या मी कॅसेटींबरोबर येणाऱ्या कागदांच्या मागे आहे: दुकानदारांनी दिलेली बिले, वॉरंटी कार्डे, डब्यांतली गेमची छापील यादी आणि व्हिडिओ लायब्ररीच्या भाड्याच्या वह्या. अशी एक वही सोलापूरच्या एका बंद झालेल्या लायब्ररीच्या मालकांनी दाखवायचे कबूल केले आहे. त्यांच्या सवडीने तिकडे जाऊन तिच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढायचे ठरवले आहे.