शेअर्ड डिस्क बदलल्यावर क्लस्टर पुन्हा उभा करताना

चाकणच्या एका कारखान्यातला दोन नोडचा, म्हणजे दोन सर्व्हरचा, विंडोज फेलओव्हर क्लस्टर (एक बंद पडला तर काम दुसरा उचलतो), त्यावर एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. स्टोरेज गेल्यामुळे डेटा, लॉग आणि विटनेस (क्लस्टरच्या मतदानात जादा मत देणारी) अशा तिन्ही सामायिक डिस्क नव्याने द्याव्या लागल्या. काम गुरुवारी धरलं, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी.

नवे लन (स्टोरेजवरून दिलेल्या डिस्क) दोन्ही नोडना दाखवायचे, पण डिस्क ऑनलाइन करणं, फॉरमॅट करणं हे सगळं एकाच नोडवरून. क्लस्टरने ताबा घेईपर्यंत त्या डिस्कला राखणदार नसतो. दोन्हीकडून एकदम लिहिलं गेलं तर फाइल सिस्टिमचं वाटोळं ठरलेलं. डेटा आणि लॉगला अ‍ॅलोकेशन युनिट ६४ केबी ठेवलं.

एकट्या नोडवर क्वोरम, म्हणजे क्लस्टर चालायला लागणारं मतांचं बहुमत, जमेना, म्हणून तिथे क्लस्टर सर्व्हिस 'एफक्यू' (फोर्स क्वोरम) स्विच लावून सक्तीने सुरू केली. ही सक्ती एकाच नोडवर करायची, कारण त्यानंतर त्याच नोडकडचं कॉन्फिगरेशन प्रमाण मानलं जातं. दुसरा नोड नंतर 'पीक्यू' (प्रिव्हेंट क्वोरम, म्हणजे वेगळा क्लस्टर न उभारता चालू असलेल्यात सामील होणं) लावून आत घेतला.

डिस्क रिसोर्स (क्लस्टरमधली त्या डिस्कची नोंद) लाल आणि लॉगमध्ये इव्हेंट १०३४: अपेक्षित सिग्नेचरची, म्हणजे ओळखक्रमांकाची, डिस्क सापडत नाही. क्लस्टर डिस्कला ड्राइव्ह लेटरवरून ओळखतच नाही. पार्टिशनची पद्धत एमबीआर असेल तर सिग्नेचर, जीपीटी असेल तर जीयूआयडी, अशी ओळख त्याच्या डेटाबेसमध्ये असते. इथे हात शिवशिवतात ते जुना रिसोर्स डिलीट करून नवा जोडायला. तो मोह टाळा. एसक्यूएलची डिपेन्डन्सी (अवलंबून असण्याची जोडणी) त्या रिसोर्सवर असते, ती तुटली की सगळं पुन्हा बांधत बसावं लागतं. फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्ये त्याच डिस्कवर राइट क्लिक, 'मोअर अ‍ॅक्शन्स', 'रिपेअर', आणि यादीतून नवी डिस्क निवडायची. रिसोर्स जुनाच राहतो, आतली ओळख बदलते. मग ऑनलाइन करून ड्राइव्ह लेटर पूर्वीचंच आहे ना ते बघायचं; आमच्याकडे डेटा आणि लॉगची अक्षरं उलटसुलट झाली होती.

रिपेअरच्या यादीत डिस्क दिसत नसेल, तर ती आधी दुसऱ्या क्लस्टरमध्ये वापरलेली असू शकते आणि जुनं रिझर्व्हेशन (त्या क्लस्टरने घेतलेला ताबा) तसंच चिकटून असतं. पॉवरशेलमधली 'क्लिअर-क्लस्टरडिस्करिझर्व्हेशन' ते सोडवते. डिस्क क्रमांक दोनदा वाचून मगच एंटर. विटनेससाठी रिपेअरच्या वाटेला न जाता क्वोरम विझार्डमधून आधी विटनेस काढला आणि नंतर नवी डिस्क नेमली.

खरा वेळ गेला एसक्यूएलमध्ये. मास्टर डेटाबेस (एसक्यूएलच्या स्वतःच्या नोंदींचा) शेअर्ड डिस्कवरच होता, त्यामुळे सर्व्हिस उठेना. डिस्क आणि नेटवर्क नेम ऑनलाइन, एसक्यूएल रिसोर्स मात्र ऑफलाइन, अशा स्थितीत सेटअपमधून सिस्टिम डेटाबेस रीबिल्ड केले. बॅकअप ज्या बिल्डवर (एसक्यूएलच्या नेमक्या आवृत्तीवर) घेतला, तेच बिल्ड असल्याशिवाय मास्टर रिस्टोअर होत नाही, हे आधी तपासा. मग सर्व्हिस सिंगल यूजर मोडमध्ये, तीही 'एम' या स्टार्टअप स्विचला जोडून एसक्यूएलसीएमडी (कमांड लाइनवरून जोडणाऱ्या टूलचं नाव) लिहून. नुसतं 'एम' दिलं तर ती एकमेव जागा मॉनिटरिंगचं एखादं टूल पटकावतं आणि आपण बाहेर. मास्टर रिस्टोअर झाला की सर्व्हिस आपोआप बंद पडते; ते तसंच अपेक्षित आहे.

पुढच्या स्टार्टला एरर ५१२३, सोबत ऑपरेटिंग सिस्टिम एरर ३ (पाथ सापडत नाही). टेम्पडीबी या तात्पुरत्या डेटाबेसच्या फाइल एसक्यूएल स्वतः बनवतं, फोल्डर नाही. आणि नव्या डिस्कवर फोल्डर कुठून असणार? जुन्या नावाने फोल्डर करून एसक्यूएलच्या सर्व्हिस खात्याला पूर्ण अधिकार दिले. तिथे ३ ऐवजी ५ दिसला तर फोल्डर आहे, परवानगी नाही. त्यानंतर एमएसडीबी (जॉब आणि बॅकअपच्या नोंदींचा डेटाबेस), मग बाकीचे डेटाबेस: फुल बॅकअप नोरिकव्हरीने (पुढचे लॉग लावता यावेत म्हणून डेटाबेस खुला न करता), शेवटच्या लॉगला रिकव्हरी.

फेलओव्हरची चाचणी दोन्ही दिशांनी घेतली. पहिल्यांदा दुसऱ्या नोडवर लॉगची डिस्क चढलीच नाही; स्टोरेजवर त्या नोडला ते लन मॅप करायचं राहून गेलं होतं.