तुम्ही विचारलंत म्हणून: रोमचा शेवटचा सम्राट

जुन्या बारवांची मोजमापं घेऊन नकाशे काढणं हे माझं काम. घरी येणाऱ्या पाहुण्यांना मात्र कपाटात रोमच्या इतिहासाची पुस्तकं दिसतात, आणि ठरलेला प्रश्न येतो: रोमचा शेवटचा सम्राट कोण?

पुस्तकातलं उत्तर आहे रोम्युलस ऑगस्टुलस. कोवळं पोर होतं ते, 476 साली जर्मानिक सेनापती ओडोअकरने त्याला गादीवरून उतरवलं. मी मात्र मेजॉरियनचं नाव घेतो; तो रोम्युलसच्या आधीचा, पण माझ्या लेखी खऱ्या अर्थाने शेवटचा. मग "हा कोण?" आणि "हाच का?" हे दोन्ही प्रश्न एकदमच येतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

मेजॉरियन 457 साली गादीवर आला तेव्हा रोमन साम्राज्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग होते, आणि त्याच्या वाट्याच्या पश्चिमेच्या साम्राज्यात फारसं काही उरलं नव्हतं. उत्तर आफ्रिका, म्हणजे रोमचं धान्याचं कोठार, 439 साली कार्थेज पडल्यावर व्हँडल या जर्मानिक टोळीचा राजा गायसेरिकच्या घशात गेली होती. त्याच गायसेरिकने 455 मध्ये चौदा दिवस रोम लुटलं. पुढच्याच वर्षी मेजॉरियन आणि सेनापती रिसिमर यांनी मिळून सम्राट एव्हिटसला पाडलं. रिसिमर जन्माने रोमन नव्हता आणि एरियन या पाखंडी मानलेल्या ख्रिस्ती पंथाचा होता, त्यामुळे स्वतः गादीवर बसण्याची त्याला सोय नव्हती. बसवायला माणूस हवा होता, तो त्याच्या शेजारीच उभा होता.

माझं मन जिथे अडकलं ती गोष्ट लढाईची नाही, दगडांची आहे. 11 जुलै 458 रोजी मेजॉरियनने रोमच्या नगरप्रमुखाला, एमिलियानसला, एक कायदा पाठवला. शहरातल्या जुन्या भव्य इमारती लोक पाडत होते. सरकारी कामाला दगड हवेत असं सांगायचं, एखाद्या किरकोळ डागडुजीसाठी अख्खी वास्तू उघडी करायची, आणि अधिकाऱ्याच्या मेहेरबानीने त्यातले चिरे आपल्या घरी न्यायचे. सम्राटाने नेमकं यावरच बोट ठेवलं. अशी परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोन्याचा दंड. हुकूम निमूट पाळणाऱ्या कारकुनांना फटके, आणि वर हात तोडण्याची शिक्षा. एखादी वास्तू खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर आधी सेनेटने पाहायचं, मग सम्राटाने ठरवायचं.

हात तोडण्याचं समर्थन मी करणार नाही. पण एका गावात बारवेच्या वरच्या थराचे घडीव चिरे शेजारच्या नव्या घराच्या पायात बसलेले मी पाहिले आहेत, चिऱ्यांवरची नक्षी तशीच. राखणाऱ्यानेच परवानगी दिली की काय होतं ते त्या दिवशी कळलं. साडेपंधराशे वर्षांपूर्वी एका माणसाला हेच सलत होतं हे वाचून मला फार जवळचं वाटलं.

मेजॉरियनने थकलेला कर माफ केला, वसुलीवाल्यांना वेसण घातली. विधवांनी पुन्हा लग्न करावं म्हणून केलेली सक्ती मात्र मला मुळीच आवडत नाही. आर्ल शहरापाशी गॉथ टोळीवाल्यांना हरवून त्याने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, परत हुकमात आणलं, मग स्पेन. आफ्रिकेवर जायला स्पेनच्या किनाऱ्यावर तीनशेच्या आसपास गलबतं उभी केली. 460 साली, फितुरीमुळे, ती बंदरातच हातची गेली. गायसेरिकशी तह करावा लागला.

आर्लमधली 461 सालची एक मेजवानी कवी सिडोनियसने पत्रात लिहून ठेवली आहे. हा सिडोनियस म्हणजे एव्हिटसचा जावई. ज्याने सासऱ्याला पाडलं त्याच्याच पंगतीला बसला होता. सिडोनियसने निनावी टवाळ कविता लिहिल्याचा बोभाटा झाला होता. सम्राट म्हणाला, तू उपहासाच्या कविता लिहितोस असं ऐकतो. सिडोनियस उत्तरला, महाराज, मीही तेच ऐकतो. सम्राट हसला आणि म्हणाला, निदान आम्हाला तरी सोड. दुसरा कोणी असता तर मानेवर सुरी आली असती. इथे कवीने तिथल्या तिथे दोन ओळी रचून आरोप करणाऱ्याचा समाचार घेण्याची मुभा मागितली, आणि ती मिळाली.

त्याच उन्हाळ्यात मेजॉरियन इटलीकडे निघाला. सैन्यातली बरीच माणसं घरी पाठवलेली, बरोबर थोडेच लोक. 2 ऑगस्टला उत्तर इटलीतल्या तोर्तोनात रिसिमरने त्याला पकडलं. जांभळा झगा आणि मुकुट उतरवला, मारहाण केली, छळ केला आणि 7 तारखेला जवळच्या नदीकाठी डोकं उडवलं. पुढच्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की तो हगवणीने गेला. मला ते पटत नाही.

नोव्हेंबरपर्यंत गादी रिकामीच होती. रिसिमरला घाई नव्हती. मग त्याने लिबियस सेव्हेरसला बसवलं. त्याला पूर्वेच्या सम्राटाने मानलं नाही, आणि मेजॉरियनचा जुना सहकारी एजिडियस गॉलमध्ये फौज घेऊन बसला होता, त्यानेही नाही.