हार घालून बघा

द्राक्षांचे पैसे हातात आले की निफाड-पिंपळगावकडची लग्नं निघतात आणि नाशिकच्या मेन रोडवरच्या आमच्या दुकानात बस्ता बांधायला रीघ लागते. साड्या खाली, सूट वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर मी, 19 वर्षं झाली.

त्या एप्रिलात एक नाना आले. सोबत मुलीचे दोन मामा आणि पिशवीत होणाऱ्या जावयाचा जुना शर्ट. नवरदेव सातपूरला कंपनीत, पहिल्या पाळीला.

"हे घ्या माप. बेचाळीस नंबर हाये."

मी म्हटलं, "नाना, शर्टावरून शर्ट देतो. सूट नाही देत."

शर्टाची खांद्याची शिवण दोन बोटं खाली उतरली तरी कुणी बघत नाही. कोटाची उतरली की माणूस खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. कंबर आवळता येते, बाही कमी करता येते, शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असेल तर थोडं सैलही करता येतं. खांद्याचं तसं नाही. बाही उसवा, पॅड काढा, मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, नव्याने कापा, एवढं करण्यापेक्षा दुसरा कोट परवडतो. हे मी सांगत होतो आणि जिन्यात उभे आमचे मालक माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. बस्त्याचं गिऱ्हाईक परत लावतोय की काय हा!

शेवटी फोन गेला. जावई साडेचारला आले, कंपनीच्या निळ्या शर्टात, पायात जाड तळाचे सेफ्टी शूज. टेप लावली. छाती साडेएकोणचाळीस, उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. असं पुष्कळांचं असतं, पण घरच्यांना कधी दिसत नाही. आमच्या शिंपी मास्तरांनी लगेच मान हलवली. उजव्या पॅडखाली एक पातळ थर दिला की झालं.

मी चाळीस नंबर काढला. छातीवर नीट बसला, मागे कॉलर मानेला टेकली, शर्टाची कॉलर वर अर्धा इंच दिसली. पण नानांचं तोंड वाकडं.

"लई आवळ वाटतोय. बेचाळीसच द्या. हार घालायला हात वर करायचा, बगलेत उसवला म्हंजे?"

"आणि आमी तर नवरीला उचलून धरणार," धाकटा मामा म्हणाला. "हात चांगलेच वर करावे लागतील."

मग म्हटलं, घालूनच बघू हार. आधी बेचाळीस चढवला. माझ्या गळ्यातली टेप काढून जावयांच्या दोन्ही हातांत दिली आणि धाकट्या मामालाच स्टुलावर उभं केलं. जावयांनी हात वर केले मात्र, सगळा कोट वर! पॅड कानाला लागले, टाय एका बाजूने बाहेर आला, पोटावरचा शर्ट उघडा पडला. आता चाळीस. हात वर गेले, कोट जागच्या जागी.

नानांनी स्वतः बगलेत बोटं घालून पाहिलं. मी दाखवलं. मोठ्या कोटाचा मुंढा खाली लोंबतो, त्यामुळे हात उचलला की अख्खा कोट ओढला जातो. मुंढा बगलेच्या जवळ असला की नुसता हात हलतो, कोट अंगावर राहतो. वरवर उलटं वाटतं. मलाही पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं, तोवर मी लोकांना "जरा सैलच घ्या" म्हणून विकलेत.

"पुन्हा करा," नाना म्हणाले. पुन्हा केलं. मग त्यांनी टेप स्वतःच्या हातात घेतली आणि जावयाला घातली. मामा हसून हसून स्टुलावरून उतरले.

एवढी सगळी हुशारी सांगून मी पँटची उंची धरली, खडूने खूण केली. मास्तरांनी खाली बघितलं आणि विचारलं, "लग्नात हेच बूट घालणार?" सेफ्टी शूजवरच खूण केली होती मी! पुसली. दुकानातले लेदरचे बूट घालायला दिले आणि परत धरली. अर्धा इंच कमी भरली.

निघायच्या आधी जावई एकदा पूर्ण सूट घालून आरशासमोर उभे राहिले. दोन बटणांचा कोट, मी वरचं लावलं, खालचं मोकळं सोडलं. नानांनी पुढे होऊन खालचं लावलं. मी सांगितलं, ते उघडंच ठेवतात, लावलं की खालून कोट ताणतो. "बटण दिलंय कशाला मग?" म्हणत त्यांनी पुन्हा लावलं.

मी बिलाकडे वळलो. नाना पैसे मोजायला पाठमोरे झाले, तेव्हा आरशात दिसलं, जावयांनी हळूच ते बटण काढलं.