तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारला गज कशाला?

गिटार छेडायची सोडून मी ती व्हायोलिनच्या गजाने का वाजवतो, हा प्रश्न पंचवटीतल्या शेजाऱ्यांपासून गंगापूर रोडवर माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांपर्यंत अनेकांनी विचारला आहे आणि दर वेळी मी ‘आसेसाठी’ (आस म्हणजे स्वराचे घुमत राहणे) एवढेच सांगून मोकळा होतो.

छेडलेली तार दणक्यात बोलते आणि लगेच विझू लागते; विलंबित आलापात पुढचा स्वर येईपर्यंत तिची आस टिकत नाही. गजाला लावलेली राळ मात्र तारेला पकडून बाजूला ओढते, ताण वाढला की तार निसटते आणि पुन्हा पकडली जाते; गिटारच्या मोकळ्या पाचव्या तारेवर हे सेकंदाला ११० वेळा घडते. पहिला गज आणला तेव्हा राळ आपणच चोळायची असते, हे मला ठाऊक नव्हते. अर्धा तास घासूनही कागदावर बोट फिरवल्यासारखी खसखस तेवढी निघाली आणि आईने गिटार बिघडली असेच धरून चालले.

खरी अडचण घोडीची, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीची आहे. व्हायोलिनची घोडी कमानदार असल्याने गज कलता करून एकेक तार निवडता येते. गिटारची घोडी जवळजवळ सपाट, त्यामुळे मधल्या चार तारांपैकी एकही एकटी सापडत नाही, आणि कडेच्या दोन तारांकडे वळावे तर गज गिटारच्या अंगाला घासतो. व्हिएन्नाच्या श्टाउफर यांनी १८२३ मध्ये कमानदार घोडीचे, गुडघ्यांत धरायचे ‘आर्पेजिओने’ हे सहा तारांचे वाद्य घडवले आणि पुढच्याच वर्षी संगीतकार शूबर्टने त्यासाठी सोनाटा लिहिला. वाद्य मात्र मागे पडले आणि ती रचना आता बहुधा चेलोवर ऐकू येते. दांडीवरचे पडदे आणि गज एकत्र नांदू शकतात, हे आपल्याला गजाने वाजणाऱ्या दिलरुब्यामुळे माहीत आहेच.

मी घोडी बदललेली नाही. मधल्या तारा सा आणि पमध्ये मिळवतो, म्हणजे चुकून लागलेली तारही तानपुऱ्यासारखी साथ देते, आणि आलाप पहिल्या तारेवर करतो. वाजवून झाले की तारांवरची राळ जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून काढतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गिटारवर मुलांना छेडणे शिकवायचे असते आणि चिकट तारेवर त्यांची बोटे अडखळतात.